उद्यापासून कामावर येऊ नका, असं सांगितलं तर काय करायचं?

या वेळी आलेल्या पत्रांत बहुतेक प्रश्न एकाच विषयाचे आहेत, अचानक नोकरी गेली आता काय करू. त्यातली चार पत्रं इथे घेतलीत, नावं आणि कंपन्या काढून टाकल्यात, मजकूर थोडा लहान केलाय.

उत्तरांच्या आधी एक गोष्ट सांगते कारण नेटवर अजून जुनी माहितीच फिरतेय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्यात, त्यामुळे १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा गेला आणि त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता, २०२० आली. कलमांचे नंबर बदलले, काही मुदती कमी झाल्या, काही हक्क नवीन आले. ज्यांची नोकरी या तारखेच्या आधी गेलीय त्यांनी घाबरू नका, जुन्या कायद्याखाली मिळालेला हक्क नुसता नवा कायदा आला म्हणून बुडत नाही, पण वकिलाला काढून टाकल्याची तारीख अगदी पहिल्या वाक्यात सांगा.

प्रश्न : मी हिंजवडीत एका आयटी कंपनीत सात वर्षं टेस्टिंगला आहे. मागच्या गुरुवारी अचानक मीटिंग रूममध्ये बोलावलं, एचआर आणि मॅनेजर होते. म्हणाले पोर्टलवर आत्ता राजीनामा टाक, दोन महिन्यांचा बेसिक देतो, नाहीतर परफॉर्मन्सवर टर्मिनेट करू आणि रिलीव्हिंग लेटरवर तसं लिहू. फोन बाहेर ठेवायला लावला होता. मी घाबरून राजीनामा टाकला. घराचा हप्ता चालू आहे. माझा पगार चांगला आहे म्हणून मला कामगार कायदा लागत नाही असं सगळे म्हणतायत. आता काही होऊ शकतं का?

होऊ शकतं, पण तुम्ही हे वाचताय त्याच दिवशी एक काम करा, उद्यावर टाकू नका. तुमच्या स्वतःच्या मेल आयडीवरून एचआरला, मॅनेजरला आणि कंपनीच्या तक्रारीच्या मेलवर लिहा की अमुक तारखेला अमुक वाजता मला खोलीत बोलावून, टर्मिनेट करण्याची धमकी देऊन राजीनामा घेतला गेला, तो माझ्या मर्जीने दिलेला नाही, मी तो मागे घेतोय आणि कामावर यायला तयार आहे. खोलीत कोण कोण होतं, कोण काय बोललं, फोन बाहेर ठेवायला लावला, हे सगळं त्यात येऊ द्या. राजीनामा मंजूर होऊन तुम्हाला मोकळं केलेलं नसेल तोपर्यंत तो साधारणपणे मागे घेता येतो, सुप्रीम कोर्टाने हे अनेक निकालांत मान्य केलंय. आणि मंजूर झाला असला तरी हा मेल लागतोच, कारण दबाव होता हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते आणि सहा महिन्यांनी लिहिलेल्या तक्रारीपेक्षा चौथ्या-पाचव्या दिवशी लिहिलेला मेल कोर्टात कितीतरी जड पडतो. मला सगळ्यात जास्त वाईट याचंच वाटतं की चांगली शिकलेली, हुशार मुलं त्या खोलीतून बाहेर येऊन लाजेने गप्प बसतात, घरीसुद्धा सांगत नाहीत आणि तोवर दोन महिने जातात. यात तुमची लाज जाण्यासारखं काहीही नाही.

आता पगाराचं. हा गैरसमज इतका पसरलाय की कंपन्यांना वेगळं काही सांगावंच लागत नाही. कायद्यात कामगार कोण हे पदाच्या नावावर किंवा पगाराच्या आकड्यावर ठरत नाही, तुम्ही मुख्यतः काय काम करता यावर ठरतं. तांत्रिक, ऑपरेशनल, कारकुनी, कुशल, अकुशल काम करणारा कामगार आहे आणि त्याला पगाराची वरची मर्यादा नाही. मर्यादा आहे ती सुपरवायझरचं काम करणाऱ्याला, नव्या संहितेत महिन्याला १८,००० रुपये, आधी ती १०,००० होती. मॅनेजरचं किंवा प्रशासनाचं काम करणारा मात्र बाहेर राहतो. म्हणून कंपनी पहिल्याच उत्तरात म्हणणार की हे टीम लीड होते. तेव्हा प्रश्न हे येतात की तुम्ही कुणाची रजा मंजूर करत होता का, कुणाचं अप्रेझल तुमच्या सहीने होत होतं का, कुणाला घ्यायचं-काढायचं तुमच्या हातात होतं का. तुम्ही टेस्ट केसेस लिहीत असाल, बग शोधत असाल, रिपोर्ट देत असाल आणि दोन ज्युनियर्सना काम समजावून सांगत असाल तर तुमची बाजू मांडायला भरपूर जागा आहे. तुमच्या रोजच्या कामाचं वर्णन आठवेल तसं आजच लिहून ठेवा, ऑफर लेटर, जुनी अप्रेझल्स, सॅलरी स्लिप्स जे स्वतःकडे आहे ते एकत्र करा. पण कंपनीचा कोड, क्लायंटचा डेटा, असलं काही स्वतःच्या मेलवर पाठवू नका, कृपा करून, त्याचंच निमित्त करून उलट तुमच्यावर कारवाई होते आणि चांगली केस हातची जाते.

कामगार ठरलात की हिशोब बघा, मग कळेल दोन महिन्यांचा बेसिक का देऊ करतायत. एक वर्ष सलग नोकरी झालेल्या माणसाला कामावरून कमी करायचं तर एक महिन्याची लेखी नोटीस कारणासकट, किंवा त्या महिन्याचा पगार, आणि नोकरीच्या दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचं वेतन भरपाई म्हणून द्यावं लागतं. सात वर्षांचे झाले साडेतीन महिने. नवीन संहितेत आणखी एक आहे, कामगार पुनर्कौशल्य निधी, त्यात मालकाने १५ दिवसांचं वेतन भरायचं आणि ते ४५ दिवसांत तुमच्या खात्यात यायचं. म्हणजे नोटीस धरून पाच महिने होतात, ग्रॅच्युइटी वेगळी, शिल्लक रजेचे पैसे वेगळे, आणि तुमच्या ऑफर लेटरमध्ये नोटीस पिरियड दोन किंवा तीन महिन्यांचा लिहिला असेल तर तो आधार धरून जास्त मागता येतं. राजीनामा घेतला की ही भरपाई द्यावी लागत नाही, एवढं साधं गणित आहे त्यामागे. आणि परफॉर्मन्सचं म्हणाल तर त्याचं कारण देऊन काढताना सुधारायची संधी दिली होती का, लेखी काही सांगितलं होतं का, हे विचारलं जातं. मागच्याच वर्षी चांगलं रेटिंग असेल तर ते पान जपून ठेवा.

पुढची पायरी शिवाजीनगरच्या कामगार उपायुक्त कार्यालयात लेखी अर्ज. तिथे समेट अधिकारी दोन्ही बाजूंना बोलावतात. अर्ज करून ४५ दिवस झाले आणि काही जमलं नाही तर तुम्हाला स्वतःला थेट ट्रायब्युनलकडे, म्हणजे औद्योगिक न्यायाधिकरणाकडे, जाता येतं, सरकारने केस पाठवायची वाट बघत बसावं लागत नाही. नवीन ट्रायब्युनल्स बसेपर्यंत जुनी कामगार न्यायालयंच हे काम बघतायत. मात्र काढल्यापासून दोन वर्षांच्या आत ट्रायब्युनलकडे जायला हवं, जुन्या कायद्यात तीन वर्षं होती, तीन धरून चालणाऱ्यांचं इथे नुकसान होणार आहे. पुण्यात आयटी कर्मचाऱ्यांसाठी काम करणारी नाइट्स ही संघटना आहे, एकट्याने जाण्यापेक्षा अशा संघटनेबरोबर गेलं तर धीर येतो आणि एकाच वेळी काढलेले दहा-बारा जण एकत्र आले तर अधिकारीही वेगळ्या नजरेने बघतात.

तडजोड करावी का, हेही तुमच्या मनात असणार. केस वर्षानुवर्षं चालू शकते, हप्ता दर महिन्याला असतो, त्यामुळे समेटात चांगले पैसे आणि स्वच्छ रिलीव्हिंग लेटर मिळत असेल तर घेण्यात काहीच कमीपणा नाही, मी स्वतः अनेकांना तसं सांगते. फक्त फुल अँड फायनलच्या कागदावर माझा कोणताही दावा राहिलेला नाही असं वाक्य असतं, त्यावर पैसे खात्यात येण्याआधी आणि पूर्ण हिशोब लेखी हातात येण्याआधी सही करू नका. आणि हो, ग्रुप मेडिक्लेम कधी बंद होणार ते विचारून घ्या, त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदलून मिळते का याची चौकशी मुदत संपायच्या आत करा, घरात आई-वडील असतील तर हे विसरून चालणार नाही.

प्रश्न : वाळूज एमआयडीसीत मी ऑपरेटर आहे, कायम, ६ वर्षं ८ महिने झाले. कंपनीत साठ-एक माणसं. सोमवारी गेटवरच सिक्युरिटीने अडवलं, म्हणे ऑर्डर कमी आहे, तुमचं आणि अजून तिघांचं काम नाही. हातात कागद काहीच दिला नाही. माझ्यानंतर लागलेली पोरं आत कामाला आहेत. बेसिक आणि डीए मिळून १९,५०० आहे. साहेब फोन उचलत नाहीत. वकील करायला पैसे नाहीत.

दादा, तुमच्या पत्रातली सगळ्यात धोक्याची गोष्ट ही की हातात कागद नाही. उद्या हीच कंपनी अधिकाऱ्यासमोर म्हणेल की आम्ही काढलंच नाही, हाच यायचा बंद झाला. हा बचाव इतक्या वेळा घेतला जातो की गेटवर अडवलेल्या प्रत्येकाला मी पहिलं हेच सांगते, दुसऱ्या दिवशी पुन्हा ड्युटीच्या वेळेला गेटवर जा, सोबतच्या तिघांना घ्या, आणि त्याच दिवशी कंपनीच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पत्र टाका. साध्या मराठीत लिहा: मी अमुक तारखेपासून इथे ऑपरेटर आहे, सोमवारी मला गेटवर अडवलं, कारण लेखी दिलं नाही, मी कामावर हजर व्हायला तयार आहे, मला कामावर घ्या. पोस्टाची पावती जपा, त्या नंबरवरून पोचल्याचा पुरावा काढून घ्या. तेच पत्र साहेबांच्या व्हॉट्सॲपवरही पाठवा. शिफ्टचा ग्रुप असेल तर त्यातून तुम्हाला काढून टाकायच्या आत जुने मेसेज सेव्ह करा. गेटवरचं बोलणं फोनमध्ये रेकॉर्ड झालं असेल तर तो फोन विकू नका, रीसेट करू नका, कारण भारतीय साक्ष्य अधिनियमाप्रमाणे असल्या इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत तो खरा असल्याचं कलम ६३ चं प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि मूळ फोन असला की ते सोपं जातं.

ऑर्डर कमी आहे हे कारण खरं असेल तरी कायदा म्हणतो की शेवटी आलेला आधी जाईल. तुमच्याच कामावर तुमच्यानंतर लागलेली मुलं आत आणि तुम्ही बाहेर, तर कंपनीने त्याचं कारण लेखी नोंदवायला हवं. पुढे परत भरती केली तर कमी केलेल्यांना आधी संधी द्यायची, हेही आहे. ३०० पेक्षा कमी माणसं असल्यामुळे सरकारची आधी परवानगी घ्यायची अट तुमच्या कंपनीला नाही, पण नोटीस आणि भरपाईची अट आहेच, आणि ती न पाळता काढलं तर ते काढणंच बेकायदेशीर ठरू शकतं.

तुमचा हिशोब मांडून देते, हा कागद कापून घेऊन जा. सहा वर्षांवर आठ महिने झालेत, सहा महिन्यांपेक्षा जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून सात वर्षं. नोटीस दिली नाही, एक महिन्याचे १९,५०० रुपये. भरपाई, वर्षाला अर्धा महिना म्हणजे ९,७५० गुणिले सात, ६८,२५० रुपये. पुनर्कौशल्य निधीचे १५ दिवसांचे ९,७५०. ग्रॅच्युइटीत महिना २६ दिवसांचा धरतात, म्हणून १९,५०० भागिले २६ म्हणजे ७५०, त्याचे १५ दिवस ११,२५०, गुणिले सात, ७८,७५० रुपये. एकूण १,७६,२५०. बोनस, रजा, ओव्हरटाइम यात धरलेला नाही. कुणी पाकिटात पन्नास हजार ठेवून सही कर म्हणालं तर हा आकडा डोळ्यापुढे असू द्या. मात्र एक लक्षात ठेवा, तुम्हाला नोकरीच परत हवी असेल तर आधी ही भरपाई मागायला जाऊ नका, कामावर परत घ्या हीच मागणी लिहा.

दरवाजे दोन आहेत. एक समेट अधिकारी आणि मग ट्रायब्युनल, वरच्या उत्तरात सांगितला तो. दुसरा महाराष्ट्राचा स्वतःचा, १९७१ चा कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित प्रथांना प्रतिबंध करणारा कायदा, ज्याला कोर्टात सगळे नुसतं पीयूएलपी म्हणतात. वाईट हेतूने, सूडाने किंवा खोटं कारण दाखवून काढलं तर त्यात कामगार न्यायालयात तक्रार करता येते आणि अंतरिम आदेशही मागता येतो, पण ९० दिवसांच्या आत. एकाच तक्रारीसाठी दोन्हीकडे जाता येत नाही, म्हणून कुठला दरवाजा घ्यायचा हे वकिलाबरोबर पहिल्या पंधरवड्यातच ठरवा. पीयूएलपीचे नव्वद दिवस कधी संपले कळतसुद्धा नाही, गावाकडे जाऊन शेतीची कामं उरकून परत येईपर्यंत गेलेले असतात.

वकिलाच्या पैशाचं टेन्शन घेऊ नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ मध्ये औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळायचा हक्क दिलाय, त्याचं उत्पन्न किती हे न बघता. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तिथे अर्ज करा. हे फार थोड्या कामगारांना माहीत आहे आणि युनियन नसलेल्या कंपन्यांतल्या लोकांना तर कुणी सांगतच नाही. तुमच्या पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापत असतील तर शाखा कार्यालयात अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेचं विचारा, त्यात बेकार झालेल्या विमाधारकाला सरासरी रोजच्या कमाईच्या ५० टक्के इतकी रक्कम जास्तीत जास्त ९० दिवसांची मिळते, सध्या ती चालू आहे का आणि अटी काय ते तिथेच कळेल. पीएफ पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने टाकली नाही तर शेवटचा पीएफ जमा झाल्यावर दोन महिन्यांनी तुम्हाला स्वतःला टाकता येते.

केसमध्ये जिंकलात तर काय, हे तुम्ही विचारलं नाहीत पण घरचे विचारतील. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या प्रकरणात सांगितलंय की बेकायदेशीरपणे काढलं असेल तर परत कामावर घेणं आणि मधल्या काळाचा पगार देणं हा सर्वसाधारण नियम आहे. मात्र त्या काळात मला दुसरी नोकरी नव्हती हे तुम्ही सुरुवातीलाच अर्जात लिहावं लागतं. पोट भरायला मिळेल ते काम जरूर करा, पण जे केलं ते खरं खरं सांगा.

प्रश्न : ठाण्यात पंचवीस जणांच्या ऑफिसात अकाउंट्स बघते, तीन वर्षं झाली. पाचवा महिना लागलाय. सरांना सांगितल्यावर तीन आठवड्यांत मेल आला की तुमच्या कामात समाधान नाही, महिनाअखेरीस सेवा संपेल. त्याआधी कधीच तक्रार नव्हती. मॅटर्निटीचे पैसे गेले का माझे?

नाही गेले. ताई, हे आधी शांतपणे वाचा. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसला प्रसूती लाभ लागू आहे, अपेक्षित तारखेच्या आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं की पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. आणि कायदा म्हणतो की गरोदरपणात काढून टाकलं म्हणून, एरवी मिळाला असता तो लाभ हिरावला जात नाही. १९६१ च्या कायद्यात हे होतं, आता सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. अपवाद फक्त गंभीर गैरवर्तनाचा आणि तोही लेखी आदेश देऊन, तुमच्या मेलमध्ये तर तसं काही नाहीच. काढल्याविरुद्ध सक्षम अधिकाऱ्याकडे अपील करायला ६० दिवस असतात, ते मेल आला त्या तारखेपासून मोजा.

आज उत्तर पाठवा: मी अमुक तारखेला गरोदर असल्याचं कळवलं, त्यानंतर एवढ्या दिवसांत हा मेल आला, त्याआधी माझ्या कामाबद्दल लेखी तक्रार नाही, मला प्रसूती लाभ द्यावा. सरांना तोंडी सांगितलं असेल तर आता लेखी कळवलंत तरी चालेल, सोबत डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडा. अकाउंट्सचं काम कारकुनी स्वरूपाचं असेल तर तुम्ही कामगारही आहात, त्यामुळे वरच्या दोन्ही उत्तरांतले समेटाचे आणि भरपाईचे मार्ग तुम्हालाही मोकळे आहेत. बाईला मोफत वकील मिळायला कुठली उत्पन्नाची अट नाही, त्याच कलम १२ प्रमाणे, आणि धावपळ तुम्ही करू नका, घरातल्या कुणाला तरी कागद घेऊन पाठवा.

प्रश्न : नागपूरला रीजनल सेल्स मॅनेजर होतो, हाताखाली चौदा माणसं, रजा-अप्रेझल सगळं माझ्याकडे. एका मेलवर काढलं, नोटीस पिरियड दोन महिन्यांचा होता, पैसे दिले नाहीत, टूरची बिलंही अडकवलीत. मलाही कामगार न्यायालय आहे का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून नाही, तुमचं काम सरळ मॅनेजरचं आहे. आणि खाजगी कंपनीला मॅनेजर परत घ्यायला कोर्ट सहसा लावत नाही, वैयक्तिक सेवेचा करार जबरदस्तीने पाळायला लावता येत नाही असं स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट सांगतो. म्हणून नोकरी परत मिळवण्यात वर्षं घालवू नका, पैशामागे लागा. तुमचं अपॉइंटमेंट लेटर हाच तुमचा कायदा, दोन महिन्यांची नोटीस लिहिलीय तर ते दोन महिने मागायचे, वकिलाकडून नोटीस पाठवायची, दिवाणी दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे.

पण थकलेल्या पगाराचं वेगळं आहे. वेतन संहितेच्या कलम १७ प्रमाणे काढलं असो वा राजीनामा असो, कमावलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे आणि ही संहिता मॅनेजरलाही लागू होते. तुमचा शेवटच्या महिन्याचा पगार बाकी असेल तर कलम ४५ खालच्या अधिकाऱ्याकडे तीन वर्षांच्या आत दावा टाका, तो अधिकारी मूळ रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देऊ शकतो. टूरची बिलं मात्र वेतनात येत नाहीत, ती नोटीस पेच्या मागणीबरोबर वकिलाच्या नोटिशीत घाला, प्रत्येक बिलाची तारीख आणि मंजुरीचा मेल जोडून. पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटीचा अर्ज वेगळा द्या, ती तीस दिवसांत मिळायला हवी, उशीर झाला तर व्याजासकट.